बॅटरीची शेवटची कांडी

फोटोग्राफरकडे फोटो मागा, तो म्हणतो, "पुढच्या आठवड्यात देतो." किस्सा मागा, उभ्या उभ्या तीन ऐकवतो! लग्नाचा अल्बम तयार व्हायला आम्हाला तीन महिने लागतात. किस्सा त्याच दिवशी, शेवटची पंगत उठायच्या आत तयार असतो. आणि आमच्या स्टुडिओतल्या किश्श्यांचं म्हणाल तर निम्म्याहून जास्त एकाच वस्तूमुळे घडलेत. कॅमेऱ्याची बॅटरी!

आम्ही तिघं. स्टुडिओ कुरुळीत. मालक नामदेव अण्णा, मूळचे गावचेच. घरच्या शेताच्या चारी बाजूंनी कंपन्या आल्या, अण्णा मधोमध फोटो काढत राहिले. रिळाच्या कॅमेऱ्यापासून ते या कामात आहेत. दुसरा शेषराव, आमचा व्हिडिओवाला. परभणीहून कंपनीत नोकरीला म्हणून आला, पहिल्याच वर्षी मित्राच्या लग्नात शूटिंग केलं आणि कंपनीला राम राम ठोकला. तिसरी मी, विद्या. राहते सांगवीला. आठ वर्षं एका कंपनीत क्वालिटीला होते. दिवसभर पार्टवरचे ओरखडे शोधायचे. आता नवरदेवाच्या दाढीवरचे शोधते.

* * *

अण्णांचा जुना कॅमेरा म्हणजे दगड. वजनालाही आणि टिकायलाही. साखरपुड्याला एकदा चार्ज केला की सत्यनारायणाच्या पूजेपर्यंत चालायचा. मग माझ्या हट्टापायी आम्ही नवीन पद्धतीचा कॅमेरा घेतला, सेकंड हँड. पिंपळे सौदागरच्या एका आयटीवाल्याने फक्त आपल्या कुत्र्याचे फोटो काढायला वापरलेला. हलका, फोटो झकास! पण त्याची स्क्रीन सतत चालू, त्यामुळे बॅटरी घटाघटा पितो. हे कुत्र्याने आम्हाला सांगितलं नव्हतं.

पहिलंच लग्न. हळद झाली, सीमांतपूजन झालं, आणि कन्यादानाच्या वेळी मी कॅमेऱ्याला डोळा लावला तर आत अंधार! मी घाबरून अण्णांकडे पळाले. अण्णांनी जुना कॅमेरा गळ्यात अडकवला, कन्यादान उरकलं आणि मग शांतपणे नव्याचं झाकण उघडून बॅटरी तळहातावर घेतली. काडेपेटीएवढी.

"विद्या," ते म्हणाले, "येवढा झ्याक ट्रॅक्टर, आन् टाकी पावशेराची?"

* * *

त्या दिवसापासून आमच्याकडे चार बॅटऱ्या झाल्या. अण्णांची मात्र एक ठाम समजूत. संपलेली बॅटरी हातावर घेऊन अंगठ्याने चांगली चोळली की अजून दहा फोटो निघतात. आणि सांगायला लाज वाटते, पण कधीकधी निघतातही!

तर निघोज्याच्या बाजूला एका वस्तीवर लग्न. अण्णा मांडवाच्या कडेला खुर्चीत बसून, नजर स्टेजवर, आणि डाव्या तळहातावर बॅटरी धरून उजव्या अंगठ्याने चोळताहेत. शेजारी एक पागोटेवाले आजोबा येऊन बसले. थोडा वेळ बघत राहिले. मग एक शब्द न बोलता त्यांनी आपला तळहात अण्णांपुढे केला.

अण्णांचं लक्ष सगळं नवरीकडे. आयुष्यभराची सवय, शेजाऱ्याने हात पुढे केला की द्यायचं. त्यांनी बॅटरी आजोबांच्या हातावर ठेवली! आजोबांनी दोनदा अंगठा फिरवला, चिमूट भरायला गेले, आणि थांबले.

"नामदेवा," ते म्हणाले, "बार लई मोठा मळलास की रं!"

* * *

बॅटरी खाणारं दुसरं प्रकरण म्हणजे "दाखवा ना!"

फोटो काढला रे काढला की पाहुण्यांना तो स्क्रीनवर बघायचा असतो. एकीला दाखवला की पाच जणी. मग "मोठा करा ना", "माझे डोळे मिटलेत का बघा", "परत काढा". एका मेहंदीला मी साठ फोटो काढले आणि मावशी-आत्यांनी ते साठच्या साठ पाहिले. दोन बॅटऱ्या मेहंदीतच संपल्या. उद्या लग्नात तर पाहुणे दसपट!

शेषरावने उपाय काढला. वायरिंगची काळी टेप घेतली आणि कॅमेऱ्याची स्क्रीन पूर्ण झाकून टाकली. आता दाखवायचा प्रश्नच नाही.

दुसऱ्या दिवशी नवरीची आत्या हजर. "अगं बाई, हे काय? स्क्रीनला काय झालं?"

मी काही बोलायच्या आत शेषराव गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "डोळे आलेत तिचे."

आत्याने झटकन पदराने स्वतःचे डोळे झाकले, कडेवरच्या नातवाचं तोंड दुसरीकडे वळवलं आणि चार पावलं मागे सरकली. "पसरतंय बाई ते! बघू नका रे कुणी तिकडं!"

त्या दिवशी एकाच बॅटरीवर अख्खं लग्न निघालं. फक्त एक अडचण. प्रत्येक फोटोत सगळे पाहुणे भलतीकडेच बघताहेत.

* * *

चारही बॅटऱ्या दिसायला सारख्या, पण स्वभाव वेगळे. म्हणून शेषरावने त्यांना नावं ठेवली. कायम दगा देणारी एक होती. लावली की स्क्रीनवर फुल्ल दाखवायची, चांगली तीनच्या तीन कांड्या, आणि दहा मिनिटांत गप्प. तिचं नाव जावईबापू.

मी एकदा शेषरावला विचारलं होतं, "हेच नाव का?"

"ताई," तो म्हणाला, "रुबाब फुल, काम न्हाई. मी पन एका घरचा जावईच हाव. मला म्हाईत न्हाई का!"

हे आपसात ठीक होतं. पण एकदा चिखलीतल्या एका मंगल कार्यालयात लग्न होतं. वरमाला होऊन नवरा-नवरी स्टेजवर उभे, आहेर चालू. मी खाली बॅगपाशी, शेषराव वर स्टेजवर माझा कॅमेरा घेऊन. मध्ये शंभर माणसं. नेमका तोच कॅमेरा बंद पडला आणि त्याने तिथूनच हाळी दिली:

"ताई! जावईबापू बसले!"

नवरीचे वडील जेवणाच्या हॉलमधून हातात पाण्याचा जग घेऊन धावत आले. घामाघूम. "कुठं बसले? कशावरून बसले? मानपानात काय राहिलं का आमचं?"

स्टेजवर नवरदेव तर उभा होता. त्यालाही कळेना. तो बिचारा स्वतःच्या पायांकडे बघायला लागला.

मी हाताने शेषरावला गप्प बसायची खूण करत होते. त्याला वाटलं मी ऐकलं नाही म्हणते. तो आणखी मोठ्याने ओरडला, "हे काय कामाचे न्हाईत! दुसरे द्या!"

जग खाली पडला. पाणी स्टेजपर्यंत गेलं. नवरीने मात्र नवऱ्याचा हात पकडला आणि तिथूनच म्हणाली, "नाही हं बाबा! हेच पाहिजेत!"

टाळ्या पडल्या. बॅटरीचं नाव आम्ही त्याच दिवशी बदललं.

* * *

थंडीत बॅटरी आणखी लाडात येते. भरलेली असली तरी रिकामी दाखवते. हे आम्हाला धरणाच्या काठावर कळलं.

प्री-वेडिंगचं शूट होतं. ओंकार आणि प्राजक्ता. ओंकार चाकणला एका कंपनीत डिझाइनला, प्राजक्ता बँकेत. प्राजक्ताला पाण्यावरचं धुकं हवं होतं, म्हणून जानेवारीत भल्या पहाटे निघालो. सूर्य वर आला, धुकं काय सुंदर! आणि माझ्या चारही बॅटऱ्या लाल.

ओंकार म्हणाला, "मॅडम, संपल्या नाहीत त्या. गारठल्यात. थंडीत आतली केमिस्ट्री स्लो होते. अंगाची ऊब मिळाली पाहिजे."

"खिशात ठेवू?"

"खिसा पण गार आहे. काखेत ठेवायला पाहिजेत."

चारांपैकी एक मी घेतली, एक ओंकारने, एक प्राजक्ताने घेतली. चौथी शेषरावला दिली तर तो म्हणाला, "मला गुदगुल्या होतात." मग ओंकारने दोन्ही काखांत एकेक घेतली. दर पाच मिनिटांनी एक काढायची, कॅमेऱ्यात घालायची, गार झालेली परत काखेत.

फोटो निघायला लागले! शेषराव खुशीत आला. त्याने नेहमीची पोज सांगितली, "आता दोघं बी समोरासमोर, हात पसरून पळत या आन् मिठी मारा!"

दोघं पळत आले. हात अंगाला घट्ट चिकटवून.

"हात पसरा ना!"

"बॅटऱ्या पडतील!" दोघं एकदम ओरडले.

मग तसेच काढले. धरणाच्या काठी, धुक्यात, कोपर बरगड्यांना टेकवून, मान ताठ, एकमेकांपासून हातभर लांब. मला वाटलं, आता हे शूट परत करायला लागणार. मी फोटो प्राजक्ताच्या होणाऱ्या सासूबाईंना दाखवले. त्यांनी एकेक फोटो नीट पाहिला, चष्मा काढला आणि शेजारणीला म्हणाल्या:

"बघा! आजकाल प्री-वेडिंगमध्ये काय काय थेर करतात. आणि आमची पोरं बघा, किती मर्यादेत!"

* * *

मोशीतल्या एका कार्यालयात वीज गेली. जनरेटरवर फक्त स्टेजचे दिवे आणि स्टेजमागे एकच प्लग चालू. माझ्या तीन बॅटऱ्या संपलेल्या, चौथीने स्टेजवरच मान टाकली. चार्जर घेऊन मी प्लगपाशी गेले तर तिथे गुरुजी उभे! हातात मोबाइल.

"मंगलाष्टकं यात आहेत माझी," ते म्हणाले. "दोन टक्के राहिलाय."

"माझं तर शून्य आहे, गुरुजी!"

"मॅडम, मुहूर्त माझ्याकडे आहे!"

"आणि पुरावा माझ्याकडे आहे!"

गुरुजी तरुणच होते. क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग हसले आणि आपला मोबाइल बाजूला केला. "लावा तुमची. अष्टकं पाठ आहेत मला. फोन आपला धीराला ठेवतो. मुहूर्ताला अजून वेळ आहे, तोवर मी अष्टकं लांबवतो. झालं की खूण करा."

अंतरपाट धरला. गुरुजींनी पहिलं अष्टक म्हटलं आणि स्टेजमागे माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही. दुसरं झालं. नाही. पाचवं झालं, सातवं झालं. पाहुण्यांच्या मुठीतल्या अक्षता संपल्या. लोक जमिनीवरच्या उचलून परत टाकायला लागले. नवरदेवाचे मित्र एका पायावरून दुसऱ्या पायावर. गुरुजींचा आवाज खणखणीत, नजर माझ्यावर!

शेवटी चार्जरवरचा दिवा लुकलुकला. मी बॅटरी कॅमेऱ्यात सरकवली, पुढे धावले, अंगठा दाखवला. तो दिसताक्षणी गुरुजी गरजले, "शुभमंगल सावधान!" अंतरपाट खाली, हार गळ्यात, मुहूर्त अचूक आणि फोटो पण!

जेवताना नवरदेव हळूच गुरुजींपाशी आला. "गुरुजी, मंगलाष्टकं आठच असतात ना? मी अकरा मोजली."

"बरोबर मोजलीत," गुरुजी जिलेबी मोडत म्हणाले. "आठ तुमची. तीन बॅटरीची."

* * *

एक किस्सा मात्र माझा एकटीचा आहे. तेव्हा सोबत अण्णा नव्हते, शेषरावही नव्हता.

भोसरीतली एक जुनी कंपनी. पाच कामगार एकाच दिवशी रिटायर होणार होते, त्यांचा निरोप समारंभ. मी सकाळी गेटवर पोहोचले. मोबाइल जमा केला. सिक्युरिटीवाल्या काकांनी माझी बॅग उघडली, गेटपास वाचला.

"कॅमेरा एक. बॅटरी एक. मॅडम, ह्या जास्तीच्या तीन आत जाणार नाहीत."

"अहो, त्या स्पेअर आहेत."

"पासवर एक लिहिलीय."

काकांनी गेटवरच्या फोनवरून एचआरला लावला, कुणी उचलेना. तीन बॅटऱ्या त्यांच्या ड्रॉवरमध्ये गेल्या आणि मी एक घेऊन आत.

मोठे साहेब दुसऱ्या गावाहून आले होते. भाषण झालं. मग दुसऱ्या साहेबांचं झालं. शाल, श्रीफळ, घड्याळ, पाच जणांचे, मग प्रत्येक खात्यासोबत पाच जणांचे. मी स्क्रीन बंद करून, बेताबेताने काढत होते. तरी जेवणाच्या सुट्टीआधी एकच कांडी राहिली, तीही लाल.

तेवढ्यात त्या पाचांतले एक माझ्याकडे आले. परशुराम काका. लेथ मशीनवरचे टर्नर, चौतीस वर्षं एकाच मशीनवर. खांद्यावरची शाल सावरत म्हणाले, "मॅडम, एक काम होतं. आमच्या हिला माझं मशीन बघायचंय. इतक्या वर्षांत आत कधी आलीच नाही. साहेबांनी आज परवानगी दिलीय. तिथं आमचा दोघांचा एक फोटो निघंल का?"

तिसऱ्या रांगेत कमलकाकू बसल्या होत्या. हिरवं इरकल, मांडीवर पर्स, आणि तिच्यावर दोन्ही हात.

"निघेल की," मी म्हटलं.

आणि लगेच स्टेजवरून हाक आली. "फोटोग्राफर मॅडम! आता सगळ्या मॅनेजमेंटचा बॅनरसोबत एक, मग एकेकाचे सिंगल!"

कांडी लुकलुकत होती. मी साहेबांकडे बघितलं. काकांकडे बघितलं. मग अंगठ्याने कॅमेरा बंद केला.

"सॉरी सर," मी म्हटलं, "बॅटरी गेली."

एचआरची मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, "एवढ्या मोठ्या प्रोग्रामला एकच बॅटरी आणली?" गेटपास तिनेच टाइप केला होता. मी कॅमेरा बॅगेत घातला.

सुट्टी झाली. काकांना मी हळूच सांगितलं, थोडी बॅटरी राखून ठेवलीय. शॉपमध्ये मशीनं थांबलेली, सगळीकडे शांत. काकूंना पदरावरून हेल्मेट घातलं, डोळ्यांना गॉगल दिला. जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या आत पाऊल टाकताना त्या थांबल्या आणि त्यांनी खोल श्वास घेतला.

"हाच वास," त्या म्हणाल्या. "शर्टाला यायचा."

"आता यायचा नाही," काका म्हणाले. आणि घाईघाईने मशीन दाखवायला लागले. हे चक, यात लोखंडाचा जॉब धरतो. हे हँडल. हे हँडल दोनदा बदललं, बाकी सगळं तेच. काकू ऐकत होत्या. हँडलवर जिथे काकांचा हात पडायचा तिथला रंग पार गेलेला होता, तिकडेच बघत होत्या.

काका आपल्या जागेवर उभे राहिले, हँडलवर हात ठेवला. "ये. इथं उभी राहा. मॅडमची बॅटरी संपत आलीय."

काकूंनी एकदा मशीनकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे.

"तुम्ही बाजूला व्हा."

"अगं, फोटो काढायचाय."

"माझा काढायचाय. ह्याच्यासंगं. एकटीचा."

"आणि मी?"

"तुमची चौतीस वर्षं झाली की ह्याच्यासंगं."

काका पट्ट्याच्या बाहेर जाऊन उभे राहिले. मी कॅमेरा चालू केला. लाल.

"काकू, एकच निघेल."

"एकच पाहिजे."

त्यांनी पर्स काकांच्या हातात दिली. हेल्मेटखालचे केस सारखे केले, गॉगल काढून टाकला आणि त्या झिजलेल्या हँडलवर आपला तळहात ठेवला. हसल्या नाहीत. सरळ माझ्याकडे बघितलं.

मी बटण दाबलं. स्क्रीन काळी झाली.

गेटवरून तीन बॅटऱ्या परत घेतल्या, बसमध्ये बसले, पण बॅटरी घालून बघायचा धीर स्टुडिओत येईपर्यंत झाला नाही. कॉम्प्युटरला कॅमेरा लावला तेव्हा कळलं, फोटो आला होता. मधोमध काकू आणि मशीन. आणि अगदी कडेला, पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर, अर्धे काका. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली, नजर काकूंवर.

प्रिंट करण्याआधी मी काकूंना फोन केला. म्हटलं, "काकू, तुम्हाला एकटीचा हवा होता ना? कडेला काका थोडे आलेत. कापू का तेवढे?"

पलीकडे काकूंनी टीव्ही बारीक केला.

मग काकू म्हणाल्या, "नको, राहू द्या. ते पण कंपनीतलेच आहेत."